देकोतोरा: दिव्यांनी मढवलेल्या ट्रकचं वायरिंग

नमस्कार मंडळी! पडद्यावर दिसतोय तो जपानचा देकोतोरा. पुढे स्टीलचा अवाढव्य बंपर, टपावर उजळलेल्या पाट्या, हौद्यावर ड्रॅगन नाहीतर कोई मासे. 1975 ते 1979 मध्ये तोएई कंपनीने 'तोराक्कु यारो' या ट्रक ड्रायव्हरांवरच्या मालिकेचे 10 चित्रपट काढले आणि ही हौस देशभर पसरली. पण त्याआधीपासून ईशान्य जपानमधल्या तोहोकू भागातले मासळीचे ट्रक सजत होते. मासळीचं खारं पाणी, त्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. पत्र्याला गंज धरायचा, म्हणून ड्रायव्हर वरून स्टेनलेस लावायचे.

इथेच एक गोची आहे. स्टेनलेस थेट साध्या लोखंडावर आवळलं, की खाऱ्या ओलाव्यात मागचं लोखंडच भराभर गंजतं. वरून चकचकीत, आतून पोकळ! म्हणून मध्ये रबराची पट्टी आणि बोल्टला प्लास्टिकचा वॉशर हवाच.

आता दिवे. खरी कारागिरी इथे आहे. ट्रकची बॅटरी 24 व्होल्टची. जुन्या पद्धतीचे 12 वॅटचे 100 बल्ब लावले तर 1200 वॅट, म्हणजे 50 अँपिअर. एवढा करंट एका बारीक वायरीतून ओढला तर वायर तापते आणि शेवटचे बल्ब मिणमिणतात. त्यापेक्षा 20-20 बल्बांचे पाच भाग करायचे. प्रत्येकाला 10 अँपिअर लागतात, म्हणून स्वतंत्र रिले (म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि 15 अँपिअरचा फ्यूज.

[क्लोज-अप: चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट]

दिव्यांचा करंट या बोल्टमधून ट्रकच्या लोखंडी सांगाड्यात, म्हणजे चासीत, जाऊन बॅटरीकडे परततो. म्हणून दिवे लुकलुकायला लागले तर बल्ब बदलण्याआधी हा बोल्ट बघा. रंगावरच आवळलेला असतो किंवा खाली गंज असतो. घासून स्वच्छ धातू काढा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा.

टपावरच्या उजळत्या पाटीला अंदोन म्हणतात. दुधी ॲक्रिलिकच्या मागे एलईडी असतात. दोन एलईडींमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच ॲक्रिलिकपासून ठेवायचं. कमी पडलं तर अक्षरांमागे ठिपके दिसतात आणि सगळी शोभा जाते. तळाला पाण्यासाठी भोक ठेवायचं, नाहीतर आत वाफ धरते.

हौद्याच्या बाजू पंखासारख्या उघडत असतील, तर बिजागरीपाशी वायरीला सैल वळसा द्या. ताणून बसवलेली वायर तिथेच तुटते.

आणि पाटी चढवण्याआधी टेप घ्या. जपानच्या रस्त्यावर ट्रकची रुंदी 2.5 मीटर आणि उंची साधारणपणे 3.8 मीटरच्या आत लागते. शिवाय पुढच्या बाजूला लाल दिवा चालत नाही, पासिंगला गाडी तिथेच अडते.