काम करता का? नाही, घरीच असते

बसा बसा, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, पहिली रांग नेहमीसारखी रिकामीच आहे. सरांनी फोनवर सांगितलं की ‘समाजशास्त्र घेऊन पुढं काय’ यावर पोरांशी बोल, म्हटलं बोलतो, पण खरं सांगू का, मी काय हा विषय ठरवून घेतलेला नाही. बारावीला टक्के बेताचेच, कॉमर्सच्या यादीत नाव नव्हतं, मग फॉर्मवर जिथं जागा शिल्लक होती तिथं टिक केली. गल्लीत कुणी विचारलं ‘काय करालास बे?’ की मी नुसतं ‘बीए’ म्हणायचो, विषय सांगायचोच नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, त्यात काय असतंय?

त्यात काय असतंय ते मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही आमच्याच घरात. प्रोजेक्ट होता, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तीस घरांचा सर्व्हे. म्हटलं पहिला फॉर्म अम्माचाच भरून टाकू. ती दारात बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापून ठेवलेली पानं. मी एकदम साहेबासारखं विचारलं, आपण काम करता का? अम्मा तेलुगूत म्हणाली, ‘पनि लेदू, इंट्लोने उंटा.’ म्हणजे काम नाही, घरीच असते. आणि हे बोलता बोलता तिनं पानात तंबाखू भरली, वळली, टोक दुमडलं, दोरा गुंडाळला, विडी बाजूला टाकली, दुसरं पान उचललं. मी फॉर्मवर ‘गृहिणी’वर टिक केली आणि पुढच्या घरी गेलो. तिथंही तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच.

मॅडमनी तीसच्या तीस फॉर्म चाळले आणि एवढंच विचारलं, यातल्या किती जणींच्या मांडीवर सूप होतं?

मला काय उत्तर देता येईना. ज्या पैशावर माझी फी भरली होती त्याला मी स्वतःच्या हातानं ‘काम नाही’ लिहून आलो होतो. अम्माला ते काम वाटत नव्हतं, कारण ते घरात होतं, मधे भात टाकायला उठता येत होतं, आणि फॉर्म बनवणाऱ्यालाही वाटत नव्हतं, कारण त्याच्या डोक्यात काम म्हणजे ऑफिस नाहीतर कारखाना. विषय तिथं सुरू होतो बघा, व्याख्या पाठ करण्यात नाही. (गाईड आणायचं तर आणा, मीही आणलं होतं, पण परीक्षेच्या आठवड्यात. वर्षभर तेच वाचणाऱ्यांनी तीन वर्षं फुकट घालवली असं माझं स्पष्ट मत आहे.)

सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९५९ साली हेच फार नेमकं मांडलंय. तो म्हणतो, एक लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्या माणसाकडं बघा, पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर माणसाकडं बघून उत्तर सापडणार नाही. मी हे वाचलं आणि मला आमचे ताता, म्हणजे आजोबा, आठवले. गिरणी बंद पडली, ते मरेपर्यंत म्हणत राहिले, माझं नशीबच फुटकं. अहो, आमची अख्खी गल्ली त्याच गिरणीत होती, मग सगळ्यांची नशिबं एकाच दिवशी कशी काय फुटली? जुनी मिल १८७७ ची, तिच्या भोंग्यावर निम्मं गाव उठायचं, आणि गिरण्या गेल्यावर तीच माणसं पॉवरलूमवर आली. चादर आपली, टॉवेल आपला, पण घरात बसून ती कहाणी कुणी लिहून काढली का? तुमच्यातल्या कितीजणांचे आजोबा गिरणीत होते, हात वर करा. बघा, प्रोजेक्टचा विषय शोधायला पुण्याला जायची गरज नाही.

आता नोकरीचं. ‘समाजशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात येत नाही, ते आधीच सांगतो. माझ्या बॅचची एकजण तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या कॅम्पसला गेली, आता बचत गटांचं काम बघते. एक एमए-नेट करून प्राध्यापक झाला, त्यात कायम जागा मिळायला किती वर्षं तासिका तत्त्वावर काढली ते त्यालाच विचारा. एकानं एलएलबी केलं. यूपीएससीवाल्यांना माहीतच असेल, समाजशास्त्र वैकल्पिक घेता येतं, दोन पेपर, ५०० मार्क, पण ‘सिलॅबस छोटा आहे’ एवढ्यासाठी घेऊ नका, छोटं दिसतं ते.

मी सर्व्हेच्या लाईनमध्ये गेलो. इंटरव्ह्यूला मार्कशीट कुणी नीट बघितलीही नाही, विचारलं भाषा किती येतात. म्हटलं घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, दोस्त उर्दू बोलणारे. समोरचे एकदम सरळ बसले. सोलापुरात आपल्याला वाटतं हे काय, सगळ्यांनाच येतं, पण बाहेर अशी माणसं शोधावी लागतात. फक्त आकड्यांना घाबरू नका, एक्सेल तरी शिका, मी नाही शिकलो तेव्हा आणि नंतर रात्री जागून शिकावं लागलं.

आणि वह्या ठेवा. एम. एन. श्रीनिवास हे आपल्याकडचे मोठे समाजशास्त्रज्ञ, ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात १९४८ साली राहून अभ्यास करून आले, पुढं १९७० ला अमेरिकेत आग लागली आणि त्यांच्या तयार केलेल्या टिपणांच्या सगळ्या प्रती जळाल्या. त्यांनी आठवणीवर पुस्तक लिहिलं. लिहू शकले, कारण तिथं राहिले होते, माणसांत बसले होते. दोन तासांत तीस फॉर्म भरून आलेल्याला आगीनंतर काय आठवणार, माझ्या फॉर्मांचं मला काहीच आठवलं नसतं, एक सूप सोडलं तर.

मागच्या वर्षी ऑफिसात असाच एक फॉर्म बनवायचं काम माझ्याकडं आलं. मी ‘काम करता का’ काढून टाकलं आणि लिहिलं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत? दिवाळीत घरी आलो तेव्हा अम्मावरच ट्राय केलं. पाऊण तास बोलली. पाण्यापासून सुरुवात, मग पानं भिजवणं, मग कारखान्यात विड्या दिल्या, त्यातल्या छाट काढून किती परत आल्या, त्यावरून झालेलं भांडण, सगळं. मी खूश, म्हटलं बघ, केवढं काम करतेस तू.

ती म्हणाली, हे होय, हे तर रोजचंच आहे.

चला, प्रश्न विचारा आता. पण पहिला प्रश्न पगार किती हा नको.