रोबॉटने मोकळी करून दिलेली जागा

(दृश्य : काचेपलीकडे उंचच उंच लोखंडी रॅक. मधल्या बोळातून सरसर जाणारा यंत्राचा हात.)

हे गोदाम नाही, ग्रंथालय आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅले शहरात, तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीने २०१३ साली उघडलेलं हंट ग्रंथालय. इथं २० लाख ग्रंथ मावतील अशी सोय आहे, आणि हवं ते पुस्तक ‘बुकबॉट’ नावाची यंत्रणा काढून देते. नेहमीच्या कपाटांना जेवढी जागा लागली असती, तिच्या नवव्या हिश्शात सगळं बसलं.

मग उरलेली जागा? ती मुलांना दिली. लिहायला भिंती, थ्रीडी प्रिंटर, आणि पुस्तकासारखीच कार्डावर घरी न्यायला मिळणारी उपकरणं.

(दृश्य : टेबलाभोवती चार डोकी, तारांचा गुंता.)

इथं ‘मेक-अ-थॉन’ भरते. पर्यावरणाचा एखादा प्रश्न घ्यायचा आणि मोजक्या वेळात त्यावर चालेल असं काहीतरी करून दाखवायचं. शाखेची अट नाही. कोडिंग न येणाऱ्या मुलाला कॉम्प्युटर लॅबच्या दारात जरा बिचकायला होतं. ग्रंथालयात तो रोज येतोच.

आपल्याकडे २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाली, म्हणजे दिलेल्या प्रश्नावर ठरावीक वेळात उपाय तयार करून दाखवायची केंद्र सरकारची विद्यार्थ्यांसाठीची स्पर्धा. सॉफ्टवेअरची फेरी सलग ३६ तासांची. कॉलेजातली तयारी मात्र बहुधा लॅबमध्ये, नाहीतर सेमिनार हॉलमध्ये. ग्रंथपालांना कुणी बोलावत नाही, आणि माझ्या मते चुकतं ते तिथंच. घाईत मुलं सापडेल ती आकडेवारी उचलतात. ही कुणी मोजली? कोणत्या साली? वापरायची परवानगी आहे का? हीच कल्पना आधी कुणी पेटंट करून ठेवली नाही ना? असलं विचारणं हे ग्रंथपालाचं रोजचंच काम. पहिल्या तासाला विचारलं तर दिशा बदलता येते. पस्तिसाव्या तासाला परीक्षकांनी विचारलं, तर फक्त घाम फुटतो.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये या शास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला चौथा : वाचकाचा वेळ वाचवा. ३६ तासांच्या स्पर्धेत तो घड्याळाच्या शेजारीच लावायला हवा.

(दृश्य : रात्र. एका टेबलावरचा दिवा.)

अशी स्पर्धा ग्रंथालयात भरवायची, तर राहता राहिला खाण्याचा प्रश्न. वाचनकक्षात डबा उघडायचा नाही, हा नियम. आणि रात्री दोनला भूक तर लागणारच.