बोडी कुणाच्या नावावर?

(भंडारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापला आहे ‘थायलंडमधली छोटी शेती आणि आपण’. यातलं ‘आपण’ मी शेवटी घेणार आहे. तिथवर पोचायला जरा फिरून जावं लागेल, पण इथं सगळी धानाच्या बांधीत वाढलेली माणसं बसली आहेत, त्यामुळे परे (धानाची रोपं), रोवणी (लावणी), धुरा (बांध) हे काही समजावत बसायला नको. पुण्यात बोललो तेव्हा अर्धा वेळ बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर, हे सांगण्यातच गेला होता.

मी राहतो तो थायलंडचा ईशान्य भाग. त्याला ईसान म्हणतात. वीस प्रांतांचा हा सगळा टापू कोराटच्या पठारावर आहे. आमचं गाव रोई एत प्रांतातल्या सुवन्नफूम तालुक्यात. नाव ऐकून बँकॉकच्या विमानतळावर जाऊ नका, तो वेगळा! (हशा) गावाला लागून तुंग कुला रोंगहाय नावाचं अफाट सपाट मैदान आहे. कुला लोक जिथं रडले ते मैदान, असा त्याचा अर्थ. ब्रह्मदेशाकडून येणारे कुला व्यापारी डोक्यावर ओझी घेऊन हे मैदान ओलांडायचे आणि वाटेत ना पाणी ना सावली म्हणून रडायचे, अशी तिथली कथा. पाच प्रांतांत मिळून वीस लाख राईंवर हे मैदान पसरलं आहे. राई म्हणजे १६०० चौरस मीटर, आपले जवळजवळ सोळा गुंठे. अडीच राईंचा आपला एकर.

पाऊस आपल्यासारखाच, बाराशे ते चौदाशे मिलिमीटर. पण माती रेताड. आज पडलेलं पाणी चार दिवसांत खाली जातं. आणि खाली काय आहे? मीठ. पठाराच्या पोटात मिठाचे जाड थर आहेत. उन्हाळ्यात काही शेतांवर पांढरी साय धरते. ती खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून मीठ काढणारी माणसं आजही तिथं आहेत. हे मीठ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

अशा जमिनीत जगातला एक नामांकित तांदूळ पिकतो. खाओ दोक माली १०५, म्हणजे ज्याला आपण बाजारात जास्मिन राइस म्हणतो तो. १९५९ साली हे वाण शेतकऱ्यांसाठी मान्य झालं. त्याची खुबी अशी की दिवस लहान व्हायला लागले की ते फुलतं. रोवणी जूनअखेरीस करा नाही तर ऑगस्टमध्ये, फुलोरा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच येणार आणि नोव्हेंबरात कापणी होणार. उतारा राईला साडेतीनशे किलोच्या घरात, एकरी पावणेनऊ क्विंटल. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय मला, ‘एवढंच?’ एवढंच. पैसा वासाला मिळतो. तुंग कुलाच्या या तांदळाला २०१३ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण हा झाला विकायचा तांदूळ. घरात खायला चिकट भात लागतो. त्याचं ‘को खो होक’ नावाचं वाण १९७७ चं, याच जास्मिन तांदळावर किरणांचा मारा करून काढलेलं. बांबूच्या टोपलीत वाफवायचा, हातानं मुटका करायचा, चटणीत बुडवून खायचा. पहाटे भिक्खू येतात त्यांच्या पात्रातही तोच घालायचा. आमच्या भागातली बहुतेक घरं दोन्ही तांदूळ लावतात. खाण्याचा किती आणि विकण्याचा किती, हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये उभा राहतो. आमच्या घरात तो सासूबाई सोडवतात. कोठारात मागचं धान किती उरलं ते आधी बघतात, यंदा घरात जेवणारी तोंडं किती ते मोजतात, मग उरलेल्या बांधीत विकायचं वाण. व्यापाऱ्याचा भाव काय, हा विचार सगळ्यात शेवटी. हे इतकं बारकाईनं सांगतोय, कारण मला जे म्हणायचं आहे त्याचं मूळ इथंच आहे.

ईसानमध्ये जुनी रीत अशी की लग्न झालं की मुलगा बायकोच्या घरी नांदायला जातो. राहतं घर आणि त्याच्याजवळची जमीन सहसा धाकट्या मुलीकडे, कारण म्हातारपणी आईबापांना तीच सांभाळते. मुलगे म्हशी, गाई, थोडे पैसे घेऊन आपापल्या सासुरवाडीला. कायद्यात सगळ्या मुलांना सारखा वाटा आहे आणि आता बरीच घरं तशी वाटणीही करतात. पण गावात हिंडलात तर कळतं की एका आळीतली घरं बहिणी-बहिणींची आहेत आणि जावई बाहेरून आलेले आहेत. माझी बायको घरातली धाकटी. म्हणजे मी कुठं गेलो ते आलंच लक्षात. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक तोंड लपवतात. तिथं जावयाचं दुसरं घरच नसतं, त्यामुळे लपवायचं काय?

आता माझी तक्रार. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही. १९५४ च्या जमीन कायद्याच्या आधारानं हे चालतं आणि माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही, त्यांची जमीन आहे. आमच्या जमिनीचा दाखला, ज्यावर लाल गरुडाचा शिक्का असतो, तो बायकोच्या नावावर आहे. त्याच्या पाठीमागे माझी नोंद आहे: उपभोगाचा हक्क. पिकवायचं, खायचं, राहायचं, पण विकायचं नाही आणि माझ्यानंतर माझ्या वारसाला द्यायचंही नाही. देशात राहायची मुदत दरवर्षी वाढवून घ्यायची. त्यासाठी बँकेत चार लाख बाथ दाखवायचे. आणि दर ९० दिवसांनी मी कुठं राहतो ते कळवायचं. मुदतवाढीच्या अर्जात मी तिथं असण्याचं कारण एकच असतं, थाय पत्नीसोबत राहणे. एकदा खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, तुम्ही दिवसभर करता काय? मी म्हटलं, शेती. त्या म्हणाल्या, ते लिहू नका, ती तुमच्या बायकोची शेती आहे, तुम्ही परवान्याशिवाय काम करता असा अर्थ होईल. मी हात बघितले माझे. नखांत चिखल होता. सकाळी परे उपटून आलो होतो.

राग आला. तो बरेच दिवस गेला नाही. ज्या बांधीतला प्रत्येक खड्डा मला पायानं माहीत आहे, तिथं कागदावर मी कुणाचा तरी सोबती. आणि एके दिवशी त्याच रांगेत उभा असताना मला माझी आई दिसली. इथं, साकोलीजवळच्या आमच्या बांधीत, कमरेत वाकून रोवणी करताना. ती लग्न होऊन आली तेव्हापासून रोवत होती. परे तिनं टाकले, निंदण तिनं केलं, बियाण्याची पायली तिनं निवडून ठेवली. सातबाऱ्यावर आजोबा होते, मग वडील, मग काका. आईचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं. तिचंही तिथं असण्याचं कारण एकच, पतीसोबत राहणे. मी परदेशात जाऊन परका झालो. ती स्वतःच्या गावात, स्वतःच्या शेतात परकी होती आणि तिची मुदतवाढ करून द्यायलाही कुठली खिडकी नव्हती. माझ्याकडे निदान दाखल्याच्या पाठीवर एक ओळ आहे.

त्या दिवसापासून मी शेताकडे एकच प्रश्न घेऊन बघतो: कागद कुणाच्या हातात आहे आणि त्यामुळे शेताचा आकार कसा बदलतो? तळ्याची गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल. तुमच्या भाषेत बोडी.

थायलंडमध्ये राजे भूमिबोल यांनी मांडलेला छोट्या शेतीचा एक आराखडा आहे, ‘नवा सिद्धांत’ म्हणून सगळे ओळखतात. जमिनीच्या तीस टक्क्यांत तळं, तीस टक्क्यांत धान, तीस टक्क्यांत झाडं-भाजीपाला, दहा टक्क्यांत घर-गोठा. हिशोब साधा. एक राई धानाला वर्षाला हजार घनमीटर पाणी धरायचं. पाऊस नसलेल्या दिवसांत तळ्यातलं पाणी रोज एक सेंटिमीटर उडून जातं. असे तीनशे दिवस धरले तर तीन मीटर गेले, म्हणून तळं चार मीटर खोल हवं, म्हणजे तळाशी माशांपुरतं एक मीटर उरतं. मला हा हिशोब फार आवडतो.

आमच्याकडे तळं खोदायचं ठरलं तेव्हा जमीन अजून सासूबाईंच्या नावावर होती. तिकडं सौदा असा चालतो की पोकलेनवाला फुकट खोदून देतो आणि निघालेली माती भरावासाठी विकतो. म्हणजे जितकं खोल, तितका त्याचा फायदा. सासूबाई सकाळीच छत्री घेऊन काठावर उभ्या राहिल्या. पहिली हातभर काळपट माती त्यांनी वेगळी काढून ठेवायला लावली, ती त्याला द्यायची नाही. मग रेती, मग पिवळी चिकण. दर थोड्या वेळानं त्या मशीन थांबवायच्या, खाली उतरायच्या, ढेकूळ फोडायच्या आणि जिभेवर ठेवायच्या. थुंकायच्या, हात हलवायच्या, चालू द्या. तीन मीटरच्या आसपास राखाडी निळसर माती लागली. त्यांनी ती तोंडात घातली, जरा वेळ ठेवली, आणि म्हणाल्या, बस. पोकलेनवाला माझ्याकडे बघून म्हणाला, मालक, अजून एक मीटर घेऊ, पाणी वाढेल, पुस्तकातही चारच लिहिलंय. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “तुझे ट्रक भरले ना? मशीन वर घे.” पलीकडच्या शिवारात चार मीटरच्या पुढं गेलेलं एक तळं आहे. मार्चमध्ये त्याच्या काठावर पांढरी रेघ उठते आणि त्यात मासा जगत नाही.

आता या तळ्याभोवती काय आहे ते बघा. काळी माती काठावर परत पसरली. तिच्यात केळी, शेवगा, गवती चहा, मिरची. पाण्याच्या कडेनं नाळीची भाजी. कोपऱ्यावर कडुलिंब, कारण त्याचा कोवळा मोहर हिवाळ्यात तिकडं आवडीनं खातात. पाण्यात तिलापिया. हा मासा १९६५ मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी राजे भूमिबोल यांना भेट दिलेल्या पन्नास माशांपासून देशभर झाला. मरळ आणि मागूर सोडावे लागत नाहीत, पुरात बांधीतून आपणच येतात. उन्हाळ्यात पाणी उपसतात, आळीतल्या सगळ्या बहिणी टोपल्या घेऊन येतात, मोठा मासा त्या दिवशी जेवणात आणि बारीक मासा मीठ आणि भाजलेला कोंडा लावून मडक्यात. तो पुढं वर्षभर. चुलीपासून तळ्याच्या पहिल्या पायरीपर्यंत हाक ऐकू जाते, तळं तिथंच खोदलं आहे. पोकलेनवाल्यानं जागा सुचवली होती ती रस्त्याकडेची, ट्रकला सोयीची.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं म्हणतात. म्हणजे ‘आपण’ला आता घाई करावी लागणार.

तर माझं म्हणणं. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेत सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली. ईसानच्या हिशोबात आठ राईंच्या वर थोडी. एवढ्या शेतावर आधी घर जेवेल असं शेत मांडायचं, तर मांडणारा माणूस तो हवा जो रोज रात्री ‘उद्या काय शिजवायचं’ हा विचार करतो. आपल्या गावांत तो विचार बाई करते आणि शेतात काय लावायचं ते ठरवताना तिला कुणी विचारत नाही. आपल्या जिल्ह्यात बोड्या होत्या, मामा तलाव म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव होते, ढीवर समाजाचे लोक मासे धरायचे, धानाच्या बांधीत मासा असायचा. बोड्या गाळानं भरल्या, काही बुजवून बांध्या केल्या. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आलं, चांगली योजना, पण राज्यात ठिकठिकाणी प्लास्टिक अंथरलेलं, कुंपण घातलेलं, विहिरीचं पाणी उपसून भरलेलं तळं उभं राहिलं. ते फळबागेचं तळं आहे. त्याच्या काठावर मिरचीचं एक रोप नाही. कारण ते मागणारा, आखणारा, मोजणारा सगळे पुरुष.

कायदा आपल्याकडे कमी नाही. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला, देशानं २००५ मध्ये. आणि आपण काय करतो? बाप गेल्यावर तेराव्याच्या आत बहिणींना तहसीलला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतो. बहीणही देते, कारण माहेर तुटेल ही भीती. मला हे सहन होत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, ती माणसं आपल्यासारखीच होती, आकाशातून पडली नव्हती. त्यानंतर शासनानंही सोय केली: नवऱ्यानं अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं.

कुणी म्हणेल, मग ईसान सुखी आहे का? नाही. कर्ज आहे, तरुण पोरं-पोरी बँकॉकला आहेत, कितीतरी घरांत आजी-आजोबाच नातवंडं वाढवतात. आमच्या आळीतली कितीतरी जमीन नुसत्या म्हाताऱ्यांच्या हातात आहे. बाईच्या नावानं भाव वाढत नाही आणि पाऊसही वेळेवर येत नाही. पण ज्या घरांत कागद मुलीकडे आहे तिथं मी बघतो, बँकॉकहून सोंगक्रानला, म्हणजे थाय नववर्षाला, आलेली मुलगी आधी तळ्यावर जाते, पाणी किती उरलं ते बघते आणि आईशी त्यावर भांडते. शेत तिच्या डोक्यात जिवंत असतं. इथं माझ्या पिढीतल्या बहिणी दिवाळीला येतात, त्यांना बांधीत काय लावलंय ते माहीत नसतं, कारण माहीत असून उपयोग काय?

एक काम मी केलंय ते सांगतो आणि थांबतो. या खेपेला आलो तेव्हा वडिलांच्या वाट्याच्या जमिनीची वारस नोंद लागायची होती. भावाशी दोन रात्री बोललो, तो ऐकेना, मग ऐकला. हक्कसोडपत्र कुणीच केलं नाही. आईचं नाव, दोन्ही बहिणींची नावं, आमची दोघांची, सगळी तलाठ्याकडे दिली आहेत. आणि जुनी बोडी, जी काकांनी बुजवायला काढली होती, तिचा गाळ या उन्हाळ्यात काढायचा आहे. कुठं किती खोदायचं ते आई सांगणार आहे.

बाकी प्रश्नोत्तरांत बोलू. मागच्या रांगेतल्या त्या ताईंनी मघापासून हात वर केला आहे, माइक आधी त्यांच्याकडे द्या.