सीट खाली करू नका, गुडघा वर येतो

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? हा माइक जरा वर घ्या हो कोणीतरी. नाही नाही, मी वाकणार नाही, माइकच वर घ्या, आजचा विषयच तो आहे.

मला चाळीस मिनिटं दिलीत आणि विषय आहे वय वाढतं तसं मोटारसायकलवरचं बसणं कसं बदलायचं. समोर बघतोय तर बरेच जण हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेत, म्हणजे योग्य ठिकाणी आलोय. राजदूत, येझदी, बुलेट, आरएक्स हंड्रेड, कोणी ना कोणी काहीतरी चालवलंच आहे, येझदीची गिअरचीच पट्टी फिरवून किक मारायची हेही इथे कोणाला सांगायला नको, जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा आणि उसनी मागून नेणारा पहिल्याच चौकात ब्रेक म्हणून गिअर दाबायचा, तेही पाहिलंय सगळ्यांनी. तर ते सोडून देऊ.

आधी माझी तक्रार ऐकून घ्या. साठी जवळ आली की आपल्या इंदुरात जो भेटेल तो एकच सांगतो, काका आता स्कूटर घेऊन टाका. मुलगा सांगतो, सून सांगते, पोह्यांच्या ठेल्यावरचा वर जिरावण मसाला टाकता टाकता सांगतो. अरे, चाळिशीनंतर लायसन्सला डॉक्टरचा फॉर्म वन-ए लागतो, पंचावन्ननंतर सरकार पाच-पाच वर्षांसाठीच रिन्यू करतं, म्हणजे सरकारने सोय करून ठेवलेली आहे, सरकारला तेवढी पुरते, घरच्यांना पुरत नाही! बरं, स्कूटर घेऊन होतं काय तर चाक दहा-बारा इंचाचं, मोटारसायकलचं सतरा-अठरा. खड्डा तोच, पण लहान चाक त्यात जास्त उतरतं आणि तितकाच जास्त दणका देतं. मोटारसायकलवर गुडघ्यांनी टाकी धरता येते, स्पीडब्रेकर आला की फुटरेस्टवर भार देऊन बूड दोन बोटं उचलता येतं, ताई माफ करा, पण दुसरा शब्द नाही त्याला. स्कूटरवर पाय पुढे, धरायला काही नाही, सगळा मार सरळ माकडहाडाला. आणि स्पीडब्रेकरचं म्हणाल तर आपलं शहर 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलंय, स्पीडब्रेकरची स्पर्धा काढली तर तिथेही आपल्याला कोणी हरवणार नाही.

आता ज्याचा खुबा धरलाय, ज्याला पाय गाडीवरून पलीकडे टाकताच येत नाही, त्याने खुशाल स्कूटर घ्यावी, माझं भांडण नाही. पण पाठ दुखते, मनगट दुखतं, गुडघा दुखतो म्हणून गाडी विकणाऱ्याने आधी हँडल, सीट आणि फुटरेस्ट या तीन जागा बघाव्या. या तिघांमधलं अंतर कंपनीने कोणा एका मधल्या अंगाच्या माणसासाठी ठरवलेलं असतं, तो माणूस बहुतेक तिशीतला असावा, आपल्यापैकी तर कोणी नाही.

यावरून आमच्या साडूभाऊंचं सांगतो. सांगितलं तर चालेल असं त्यांनीच कबूल केलंय, आज आलेले नाहीत एवढंच. देवासला असतात, उंची बेताची, आणि रिटायर झाल्यावर हौसेने बुलेट घेतली. तिची सीट जमिनीपासून साधारण 80 सेंटीमीटर. सिग्नलला यांचे चवडे टेकायचे, टाच टेकायची नाही. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, सीट खाली करून घ्या. झालं, गेले गद्दीवाल्याकडे, त्याने कव्हर उचकटलं, पात्याने चांगला दोन इंच फोम कापला, वर नवं रेक्झिन ठोकून दिलं. साडूभाऊ खूष, दोन्ही पाय सपाट जमिनीवर, गावभर दाखवून आले.

मग आम्ही दोन गाड्यांवर महेश्वरला निघालो. इंदूरहून नव्वदेक किलोमीटर, महू, मानपूर, घाट उतरून धामनोद, रस्ता तुम्हाला माहीतच आहे. मानपूरला चहाला थांबलो. मेहुणी मागून उतरली, आमची ही उतरली, मी उतरलो, साडूभाऊ गाडीवरच. म्हटलं, भाऊ, उतरा. म्हणाले, उतरतो हो, घाई काय आहे. दोन्ही हात टाकीवर, नजर समोर, जसा काही फोटो काढायचाय. मेहुणी म्हणाली, अहो चहा गार होतोय. तर म्हणतात, मला इथेच बरं वाटतं, हवा छान आहे! टपरीवरच्या पोराला बरोबर कळलं, तो ग्लास घेऊन आला आणि विचारतो, अंकल को गाडी पे ही दे दूँ? तिथेच प्यायले. गुडघे जे वाकले होते ते सरळच होईनात, आणि कबूल तर करायचं नाही. महेश्वरला शेवटी मी एका बाजूने आणि नारळवाल्याने दुसऱ्या बाजूने धरून उतरवलं. अहिल्याबाईंच्या घाटाच्या पायऱ्या बघितल्यावर म्हणाले, तुम्ही जाऊन या, नर्मदामाईचं दर्शन वरूनही होतं.

हसू नका, या हॉलमधल्या निम्म्यांनी हेच केलेलं आहे. सीट दोन इंच खाली गेली, फुटरेस्ट जागचा हलला नाही, म्हणजे सीट आणि फुटरेस्टमधलं अंतर दोन इंच कमी झालं आणि गुडघा तितका जास्त वाकला. गुडघा जितका जास्त वाकेल तितका वाटीवर दाब जास्त, आणि तसाच तासभर धरून ठेवला की आखडणारच. वरून फोम एवढा पातळ झाला की खालचा पत्रा लागायला लागला. सिग्नलला अर्धा मिनिट पाय टेकायला मिळावा म्हणून पुढचा दीड तास गुडघा दुमडून बसायचं, हा कुठला हिशोब?

बरं, पाय पोचत का नाही? सीट उंच असते म्हणून कमी, सीट पुढून रुंद असते म्हणून जास्त. मांडी सीटच्या कडेवरून फाकून जाते आणि पायाची लांबी तिथेच खर्च होते. साडूभाऊंची सीट आम्ही परत भरून घेतली, जड डेन्सिटीचा फोम, उंची मूळची होती तेवढीच, फक्त पुढच्या दोन्ही कडा तासून निमुळत्या केल्या. पाय सरळ खाली जायला लागला, टाच जवळजवळ टेकते आता. आणि फोम बोटाने दाबून मऊ लागतो म्हणून घेऊ नका, मऊ फोम दुकानात छान लागतो, महूपर्यंत बसून जातो.

काय? चिठ्ठी? दहा मिनिटं राहिली? अहो आत्ता कुठे सुरुवात झाली. हो हो, कचोऱ्या आल्यात हे वासावरून कळलं मला. बरं, भराभर सांगतो, विषय जो होता तो आता येतोय.

हँडल. गाडी मेन स्टँडवर, डोळे मिटून ताठ बसा, हात सैल वर उचला आणि आपसूक पडतील तिथे पडू द्या. हँडल त्याच्या पुढे असेल तर तुम्ही मनगटावर वजन टाकून चालवताय, हाताला मुंग्या येतात त्या त्याच्याच. पंचवीस-तीस मिलिमीटरचा रायझर, म्हणजे हँडलखाली बसवायचा ठोकळा, मिळतो, हँडल वर आणि मागे येतं, साधारण हँडलचा पाइप 22 मिलिमीटरचा असतो, काहींचा क्लॅम्पपाशी, म्हणजे मधे जिथे आवळलेला असतो तिथे, जाड असतो, आधी मोजून घ्या. बसवल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. इंजिन आपोआप वाढलं तर एक्सिलेटरची वायर तोकडी पडतेय, तशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. क्लचची वायर आणि डिस्क ब्रेकचा पाइपही ताणला जाता कामा नये.

फुटरेस्ट. ज्याचा गुडघा धरतो त्याने सीट नाही, फुटरेस्ट खाली घ्यावा, इंचभर पुरतो. काही गाड्यांना फुटरेस्ट खाली आणायची प्लेट मिळते, नसेल तर हट्ट करू नका, चेसिसला वेल्डिंग तर अजिबात नको. फुटरेस्ट खाली गेला की गिअर पट्टी आणि ब्रेक पायडलही त्या हिशोबाने खाली, पट्टी दात्यांच्या शाफ्टवर असते, एक दाता फिरवली की काम होतं. पायडल हलवलं की मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का ते बघा. आणि वळणावर गाडी पूर्वीइतकी झोपवू नका, फुटरेस्ट घासेल. आता आपण झोपवतो कुठे म्हणा.

पाय पुढे टाकायच्या त्या क्रूझर गाड्या, गुडघ्याला बऱ्या, पाठीला नाहीत, धक्क्याला उठताच येत नाही. ज्याचा मणका दुखतो त्याने लांबूनच नमस्कार करावा.

कायद्याचं कोणीतरी विचारणारच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही 2019 मध्ये तेच सांगितलंय. चेसिस आणि इंजिनला हात नाही. साडी गार्ड आणि मागच्याचं धरायचं हँडल काढू नका, तेही नियमात आहे आणि घरी तर आहेच.

शेवटचं, फुकटातलं. क्लच-ब्रेकचे लीव्हर. शोरूममधून गाडी येते तेव्हा बहुतेक वेळा ते आडवे, वर असतात, त्यामुळे मनगट दिवसभर मागे दुमडलेलं राहतं. बोटं लीव्हरवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत यायला हवा, बस. बोल्ट सैल करायचा, लीव्हर जरा खाली फिरवायचा, परत आवळायचा. क्लचच्या वायरीत चार थेंब तेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आठवडाभर चालवा, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. मी पाने घेऊन आलोय, ज्यांना लीव्हर खाली करून हवेत त्यांनी कचोरी खाऊन पार्किंगमध्ये या, दोन मिनिटांचं काम आहे. डिस्क ब्रेकवाले मात्र शेवटी थांबा, तुमची ती तेलाची डबी लीव्हरबरोबर फिरते, ती फार कलती करून चालत नाही, जरा बघून करावं लागतं.