नाव आहे, पत्ता नाही

मघाशी माझी ओळख करून देताना निवेदिकाबाईंनी मला ‘इतिहास अभ्यासक’ म्हटलं. तो शब्द त्यांनी कृपा करून परत घ्यावा. मी पोस्टातला माणूस. गोव्याच्या पेडणे आणि बार्देश तालुक्यांतल्या लहानमोठ्या कचेऱ्यांत आयुष्यभर ठसे मारले, थैल्या बांधल्या, मनीऑर्डरी वाटल्या आणि निवृत्त झालो. तुम्ही मला विषय दिलात हुतात्म्यांच्या स्मारकांच्या भटकंतीचा. भटकंती मी केली हे खरं, पण ती सुरू झाली बसचा टायर बसला म्हणून.

बांद्याला मामेबहिणीचं लग्न होतं. मे महिना, बस गच्च, आणि गोवा-महाराष्ट्र सरहद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे टायर गेला. ड्रायव्हरने स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नाही. माणसं उतरली. तुम्हाला माहीतच आहे, पत्रादेवीला उतरलेला माणूस कुठल्या दुकानाकडे वळतो ते. मी घामाने निथळत होतो, सावली बघत बघत हुतात्मा स्मारकाच्या आवारात शिरलो. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. खिडकीतून हात जोडायचे, पुढची तिकिटाची बाचाबाची ऐकायची, झालं. आत पाऊल त्या दिवशी पहिल्यांदा पडलं.

आता आमची एक वाईट खोड आहे. पोस्टातल्या माणसाने नाव वाचलं की त्याची नजर आपोआप खालच्या ओळीवर जाते. नाव कुणाचंही असो, गाव कुठलं? तालुका? जिल्हा? नुसतं नाव असेल तर ते पत्र आमच्यासाठी अपुऱ्या पत्त्याचं, परत पाठवण्याच्या गठ्ठ्यातलं. करनैलसिंग बेनिपाल हे नाव वाचलं आणि मी खालची ओळ शोधत राहिलो.

ती ओळ मला पुढे वाचनात सापडली. इसरू. पंजाबात लुधियाना जिल्ह्यात खन्न्याजवळचं गाव. करनैलसिंग तिथला तरुण शिक्षक. इसरूपासून पत्रादेवी दोन हजार किलोमीटरच्या आसपास. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याच्या सरहद्दीवर आले, हातात तिरंगा, शस्त्र नाही. त्यातली एक तुकडी इथून आत शिरत होती. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या, त्या जखमी झाल्या. सांगतात की करनैलसिंग पुढे झाला आणि बाईवर काय गोळ्या घालता, मला घाला म्हणाला. शब्द कुणी टिपून ठेवले होते असं नाही, पण तो तिथे पडला हे खरं. त्या एका दिवसात गोव्याच्या सरहद्दीवर वीसहून अधिक माणसं मेली. सहोदराबाई वाचल्या आणि पुढे लोकसभेत निवडून गेल्या.

आणि आपण वर्षानुवर्षं काय बोलतो? ‘पंजाबचा एक शीख तरुण.’ एवढंच. म्हणजे पाकिटावर नुसतं ‘पंजाब’ लिहून ते पेटीत टाकण्यासारखं.

तेव्हापासून मी आडदिवशी जायला लागलो. १८ जूनला क्रांतिदिनी आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिनी स्मारकांवर जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी तिथे पुष्पचक्रं, लाऊडस्पीकर, आणि फोटोत यायची धडपड असते. आडदिवशी जा. पत्रादेवीला तर पावसाळ्यात जा, आणि जमलं तर बांद्याच्या बाजूने चालत या. आता चौपदरी रस्ता झालाय, ट्रक अंगावर येतात, तरी चाला. १९५५ चा तो १५ ऑगस्ट श्रावणातला होता. पेडण्याची तांबडी माती श्रावणात चपला ओढून घेते. इसरूचा माणूस त्या चिखलात कसा चालला असेल, हे मला बसच्या खिडकीतून कधी सुचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट सांगायला मला लाज वाटते. अस्नोड्याच्या परिसरात मी काही वर्षं बटवड्याचं काम पाहिलं. बाळा राया मापारी अस्नोड्याचे. आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते, पोलिसांच्या छळाने १८ फेब्रुवारी १९५५ ला गेले. गोव्याच्या सशस्त्र लढ्यातले पहिले हुतात्मा म्हणून त्यांचं नाव घेतात. म्हणजे पंजाबचा पत्ता शोधायला मी निघालो, आणि जो पत्ता माझ्या रोजच्या सायकलीच्या वाटेवर होता तो मला माहीत नव्हता. आमच्या शाळेत आम्हाला पानिपत इतकं शिकवलं की विश्वासराव, सदाशिवराव तोंडपाठ, आणि अस्नोडा कोरा.

तेरेखोलला केरीहून फेरीबोटीने जायचं. नदीच्या पलीकडे असूनही ते गाव गोव्याचं, ही गंमत शाळेतल्या पोरांना नकाशावर दाखवून बघा, खूष होतात. किल्ला मूळचा सावंतवाडीकरांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तिथे तिरंगा लावला, मग सगळे पकडले गेले. सत्याग्रहात बळी गेलेले हिरवे गुरुजीही लोक तेरेखोलशी जोडतात. हे गुरुजी पनवेलचे. पुन्हा शिक्षक, बघा. आता किल्ल्यात हॉटेल आहे. मी तिथे एकदा चहा प्यालो. चहाच्या किमतीत आमच्या वेळी एक पूर्ण मनीऑर्डर झाली असती. पण बुरुजावरून समुद्र बघताना वेटर मुलाने आपण होऊन मला सत्याग्रहाबद्दल सांगितलं, म्हणून तक्रार नाही.

आता आग्वाद. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथली हकिगत ही थेट माझ्या खात्यातली आहे.

किल्ला १६१२ चा. वर दीपस्तंभ, आणि खाली पाण्याला लागून तुरुंग. स्वातंत्र्यसैनिक तिथे कोंडले जायचे. मुक्तीनंतरही तो तुरुंगच राहिला. कैदी कोलवाळला हलवले आणि १९ डिसेंबर २०२१ ला तिथे संग्रहालय उघडलं. लोक कोठड्यांच्या गजाआड उभं राहून फोटो काढतात. पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही, कारण एकदा एक मुलगी असाच फोटो काढून झाल्यावर भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिलेली मी पाहिली.

१८ डिसेंबर १९६१ ची संध्याकाळ. भारतीय सैन्य सकाळीच सरहद्द ओलांडून आलेलं. पश्चिमेकडची तुकडी थिवीमार्गे बेतीला पोचली होती. समोर मांडवी, पलीकडे पणजी. तिथे ७ कॅव्हलरीच्या मेजर शिवदेवसिंग सिद्धूंना कळलं की आग्वादला भारताच्या बाजूची माणसं कैदेत आहेत. त्यांनी ठरवलं, किल्ला ताब्यात घ्यायचा आणि कैदी सोडवायचे. पण किल्ल्यातल्या शिबंदीला शरणागतीचा हुकूम मिळालेला नव्हता. त्यांनी गोळीबार केला. मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल तिथे पडले. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमारास गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली.

मी आयुष्यभर उशिरा पोचलेल्या पत्रांच्या तक्रारी ऐकल्या आहेत. नोकरीचं पत्र उशिरा आलं, म्हाताऱ्याचं आजारपण उशिरा कळलं. पण एक निरोप एका किल्ल्यापर्यंत वेळेत न पोचल्याने दोन माणसं जातात, ही तक्रार कुणाकडे नोंदवायची?

आणि दुसरा निरोप बघा. तो मात्र वेळेत पोचला होता. हल्ल्याच्या चारच दिवस आधी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने लिस्बनहून तार केली होती: शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी हवेत किंवा मेलेले. वासालो इ सिल्व्हांनी ती वाचली आणि पाळली नाही. पुढे सालाझारने त्यांना सैन्यातून काढून टाकलं. दोन्ही बाजूंचा हिशेब सांगतात तो असा: भारताचे बावीस, पोर्तुगालचे तीस. ती तार पाळली गेली असती तर आपल्या घरांच्या किती भिंती उभ्या राहिल्या असत्या याचा विचार मी पणजीला गेलो की करतो. मेलेल्या पोर्तुगीज पोरांनाही कुठेतरी गाव होतं. पोस्टमनला बाजू नसते, म्हणून बोललो. पटलं नाही तर सोडून द्या.

पणजीचं आझाद मैदान तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे, तिथलं मी थोडक्यात आटपतो. मंडपाचे ते खांब जुन्या गोव्यातल्या डोमिनिकन मठाचे, १८४७ मध्ये आणून बसवलेले. आत तेव्हा गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कचा पुतळा होता. जवळच गोव्याच्या मुक्तिचळवळीतले नेते त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचे अवशेष आहेत. ते सैनिक नव्हते, पण माझ्या हिशेबात त्यांचं एक खास स्थान आहे. मूळचे चांदरचे, पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले, तिथून सुटून मुंबईत आले आणि १९५८ मध्ये मुंबईतच वारले. अवशेष पणजीला आले १९८६ मध्ये. अठ्ठावीस वर्षांनी बटवडा झाला. आमच्या खात्याचा याहून मोठा विलंब मला ठाऊक नाही.

कुंकळ्ळी मात्र खरंच थोडक्यात. पोर्तुगीजांविरुद्धच्या १५८३ च्या बंडानंतर तिथल्या सोळा गावकरांना, म्हणजे गावप्रमुखांना, बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि त्यातल्या पंधरा जणांना मारलं. एक जण नदीत उडी घेऊन निसटला. स्मारक अलीकडचं आहे. पण तिथे मला शोधाशोध करावी लागली नाही, कारण कुंकळ्ळीत आडनाव विचारलं की वाडा सांगतात. चारशे वर्षांनीही पत्ता पूर्ण!

शेवटी अंजदीव. हे बेट गोव्याचं, पण कारवारच्या किनाऱ्यासमोर. १८ डिसेंबर १९६१ ला ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ या युद्धनौकांवरून आपले नौसैनिक तिथे उतरले. आपल्याकडची हकिगत अशी की बेटावर पांढरं निशाण दिसलं, म्हणून ते पुढे गेले, आणि मग गोळ्या आल्या. सात जण गेले, एकोणीस जखमी. त्यांचं स्मारक आय.एन.एस. गोमंतक या नौदलाच्या तळावर आहे. बेट नौदलाकडे आहे, तुम्हाआम्हाला जाता येत नाही. मी कारवारच्या किनाऱ्यावर उभा राहून दोनदा बघून आलो. दोन्ही वेळा मासळी वाळत घालणाऱ्या बायकांनी विचारलं, बाबा, कुणाला शोधताय? मी काय सांगणार. बेटाकडे बोट दाखवलं. एक म्हणाली, तिथं कोणी राहत नाही.

१९ डिसेंबर २०२१ ला आमच्या खात्याने दोन गोष्टी काढल्या. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाचं ‘माय स्टॅम्प’ तिकीट, आणि आय.एन.एस. गोमंतकच्या स्मारकावर विशेष पाकीट, खास ठशासह. मी निवृत्त झालेलो, तरी दोन्ही मिळवली. ते तिकीट लावून इसरूच्या सरपंचांना मोडक्या हिंदीत चार ओळी लिहून पाठवल्या. उत्तर आलं, पण गुरुमुखीत. ते घेऊन मी पत्रादेवीच्या नाक्यावर गेलो. ट्रकवाला एक सरदारजी चहा पीत होता, त्याने वाचून दाखवलं. मजकूर साधा होता, खुशाली, आणि कधी येता. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, ते स्मारक कुठे आहे? आम्ही दोघं रस्ता ओलांडून गेलो.

दुसरं ते सात नौसैनिकांचं पाकीट माझ्याकडे घरी आहे. ते पाठवायचं आहे, पण पत्त्याची जागा अजून कोरी आहे. तुमच्यापैकी कुणाच्या नात्यात नौदलातलं कोणी असेल, तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा. मी चहापाशी थांबतो.