चार काठ्या, पाच मात्रा

(पडद्यावर: काळी तबकडी, दुसरी बाजू वर. सुई पहिल्या गाण्याच्या शेवटच्या रेघांवरून पुढे सरकते आहे.)

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा चौथा अल्बम ८ नोव्हेंबर १९७१ला बाजारात आला. वेष्टनावर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. पहिल्या बाजूचा शेवट 'स्टेअरवे टू हेवन'नं होतो आणि बहुतेकांच्या आठवणीत अल्बम तिथंच संपतो. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. त्याच्या ढोलावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत: हेडली ग्रेंज या जुन्या घरातला जिना, वर टांगलेले दोन मायक्रोफोन, वगैरे. या दोन डोंगरांच्या मधे, दुसऱ्या बाजूवर दुसऱ्या क्रमांकाला, पावणेपाच मिनिटांचं एक गाणं बसलंय. 'फोर स्टिक्स'.

चाहत्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, हे भरतीचं गाणं, बाजू भरायची म्हणून घातलेलं. दुसरा म्हणतो, अख्ख्या अल्बमवर एवढं धाडस दुसऱ्या कुठल्याच गाण्यात नाही. गंमत अशी, की दोघंही पुरावा म्हणून एकच गोष्ट पुढे करतात. ढोल.

(पडद्यावर: दोन हात. प्रत्येक हातात दोन-दोन स्टिक्स.)

नावातच सगळं आलंय. चार काठ्या. ड्रमर जॉन बॉनमनं हे गाणं दोन्ही हातांत दोन-दोन स्टिक्स धरून वाजवलं. गिटारवादक जिमी पेजनं सांगितलेली हकीकत अशी: गाणं बऱ्याच प्रकारांनी वाजवून झालं होतं, बसत नव्हतं. आदल्या रात्री बॉनम दुसरा एक नावाजलेला ड्रमर जिंजर बेकर याच्या बँडचा कार्यक्रम ऐकून आला होता. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आला, बिअर प्यायला, हातात चार स्टिक्स घेतल्या आणि दोन टेकमध्ये काम संपवलं.

आता हे करून पाहायचं असेल तर आधी एक चूक टाळा. दोन स्टिक्स एकमेकींना चिकटवून मुठीत आवळल्या, तर त्या जाड अशा एकाच काठीसारख्या वागतात. पुढची टोकं सुटी राहिली पाहिजेत. बुडाकडच्या बाजूला दोन्हींच्या मधे तर्जनी घाला, म्हणजे टोकांत बोटभर फट पडते. मग एका फटक्यात दोन टोकं कातड्यावर पडतात, पण अगदी एकाच क्षणी नाही. कानाला ते दोन आवाज वाटत नाहीत, एकच फटका कडा पसरल्यासारखा ऐकू येतो. 'फोर स्टिक्स'च्या टॉम्सवर, म्हणजे संचातल्या मधल्या ढोलांवर, जो खडखडाट आहे तो याच फटीतून येतो.

त्याची किंमतही आहे. एका काठीला कातडं जी उसळी परत देतं, ती दोन काठ्यांना मिळत नाही. वजन दुप्पट आणि बोटांचा ताबा निम्मा. त्यामुळे ड्रमर मधूनमधून जे हलके, जेमतेम ऐकू येणारे फटके पेरतो ते इथं जवळजवळ अशक्य होतात. मनगट गोल फिरत नाही, कोपरापासून काम करावं लागतं. पाच मिनिटांत पुढचा हात भरून येतो आणि लय ओढली जाते. बाहेरची काठी टॉमच्या कडेवर आपटली की टोक फुटतं. नवशिके इथंच गळतात: ढिलं धरलं की काठी निसटते, घट्ट धरलं की आवाज मरतो.

(पडद्यावर: आकडे उमटतात. एक दोन तीन चार पाच.)

पण चार काठ्या हा वादाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा मोजण्यात आहे.

मुख्य रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, पाच मात्रांचा आहे. मधला ध्वनिक गिटारचा भाग सहाचा. पाचाचं काय करायचं यावरून भांडण. कुणी म्हणतं पाच अष्टमांश, कुणी म्हणतं दहांचं एकच आवर्तन. दोन्ही बाजू खऱ्या का आहेत, ते पायानं कळतं. रिफ सुरू झाला की दर दोन मात्रांना पाय ठेवत जा. पहिल्या वेळी रिफची सुरुवात पायावर येते. दुसऱ्या वेळी ती दोन पावलांच्या मधे, हवेत पडते. तिसऱ्या वेळी पुन्हा पायावर. म्हणजे तोंडानं मोजलं तर पाच, पायानं मोजलं तर दहा. ऐकताना जे अडखळल्यासारखं वाटतं, ते गाणं चुकतंय म्हणून नव्हे. दर दुसऱ्या आवर्तनाला तुमचा पाय चुकीच्या जागी असतो.

दहा म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला झपताल आठवणारच. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. मोजायला सोय म्हणून जरूर वापरा, पण 'फोर स्टिक्स झपतालात आहे' असं म्हणू नका. झपतालाला टाळी-खाली असते, सहाव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, वजन हलकं होतं, त्यावरून गाणाऱ्याला आपण कुठं आहोत ते कळतं. या रिफमध्ये खाली नाहीच. सगळंच भरीचं. बॉनम कुठंही हात हलका करत नाही, आणि आवर्तनाची कड हरवते ती म्हणूनच. सहाच्या भागात मात्र दादरा मनात धरला तरी चालतं, तो भाग सरळ डुलतो.

भरतीचं गाणं म्हणणाऱ्यांची सर्वांत खणखणीत तक्रार आवाजाची आहे. ढोल दाबल्यासारखे, गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज आत गेलेला, सगळं एका खोक्यात कोंबल्यासारखं. ही तक्रार खोटी नाही आणि तिचं कारण नोंदलेलं आहे. लंडनच्या आयलंड स्टुडिओत मूळ ट्रॅक घेताना ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं ढोलांवर कॉम्प्रेशन लावलं. मिश्रण करायला बसल्यावर त्याला ते काही केल्या जमेना. हे मिश्रण आपण पाच-सहा वेळा केलं, असं त्यानंच सांगितलंय.

एवढं का अडलं? कॉम्प्रेसर मोठा आवाज खाली दाबतो, मग सगळ्याची पातळी वर उचलतो. फटक्याची धार जाते, मागची घुम वर येते. हे मिश्रणाच्या वेळी केलं तर नको वाटल्यावर काढून टाकता येतं. टेपवर घेतानाच केलं तर ते टेपवरच बसतं. भाजीत पडलेलं मीठ. त्यात चार काठ्यांचा फटका मुळातच पसरट, त्याला धार कमी. ती जी थोडी होती तीही दाबली गेली. मग गिटार वर केली की ढोल बुडतात, ढोल वर केले की गाणारा बुडतो. २०१४ साली चौथ्या अल्बमच्या नव्या आवृत्तीसोबत या गाण्याचं दुसरं, जुनं मिश्रण निघालं. काहींना वाटलं, आता खरे ढोल ऐकायला मिळणार. कसे मिळतील? मिश्रण वेगळं असलं तरी टेप तीच.

उत्तरार्धात बँडचा बासवादक जॉन पॉल जोन्स याचा सिंथेसायझर येतो, व्हीसीएस-थ्री. बाजाची पेटी समजू नका, मूळ यंत्राला पट्ट्याच नसतात. सूर निर्माण करणारे तीन ऑसिलेटर आणि सोळा बाय सोळा भोकांची पाटी, त्यात पिना खोचून तारांऐवजी जोडण्या करायच्या. तापलं की सूर सरकतो. गाण्याच्या शेवटाकडे जो लांबट आवाज वर तरंगतो तो याचा. भरतीवाल्यांना तो ठिगळ वाटतो. खरं तर खालचे ढोल इतके घट्ट आवळलेले आहेत, की मोकळा श्वास घेणारी तेवढी एकच गोष्ट त्या गाण्यात उरते.

मंचावर हे गाणं झेपेलिननं एकदाच वाजवल्याची नोंद आहे: कोपनहेगन, ३ मे १९७१. अल्बम यायला अजून सहा महिने होते. नंतर यादीत पुन्हा आलं नाही.

(पडद्यावर: कुलाब्याचा रस्ता, संध्याकाळ.)

आणि आता मुंबई. १९७२ साली पेज आणि प्लांट इथं आले आणि मुंबईच्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. एक तिसऱ्या अल्बमवरचं 'फ्रेंड्स', दुसरं 'फोर स्टिक्स'. याच मुक्कामाच्या काळात कुलाब्यातल्या स्लिप डिस्क या क्लबमध्ये दोघं वाजवून गेले, ते अजून सांगितलं जातं. महिना मार्च की ऑक्टोबर, यावर चाहत्यांनी बरीच शाई खर्च केली आहे. त्या वर्षी फेब्रुवारीअखेर ऑस्ट्रेलियाचा दौरा संपला होता आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला जपानचा दौरा झाला, म्हणून दोन्ही बाजूंना नकाशा दाखवता येतो.

या टेपा कित्येक वर्षं चोरट्या तबकड्यांवर फिरत होत्या, प्रतीची प्रत, खरखरीसकट. अधिकृतपणे त्या आल्या २०१५ला, झेपेलिनच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत. तिथं गाण्याचं नाव बदललंय: 'फोर हँड्स'. बरोबरच आहे. तबल्याला काठी लागत नाही.

या रूपात गाणारा नाही आणि बॉनमही नाही. धाडसवाले याला खरं 'फोर स्टिक्स' म्हणतात. ते जरा जास्तच झालं. हा आराखडा आहे, तयार माल नव्हे. पण लंडनच्या टेपवर जे दिसत नाही ते इथं दिसतं. तबल्यावर बोटं सुटी पडतात, प्रत्येक मात्रा वेगळी ऐकू येते, त्यामुळे पाचाचा सांगाडा उघडा पडतो. अडचणही तिथंच आहे. आपल्याकडचा वादक एका बंदिशीत एका तालाला बांधलेला असतो, सम धरून खेळतो. इथं पाचातून सहात जायचं, परत पाचात यायचं, आणि तेही गिटारवाला वळेल तेव्हा. यात हाताच्या तयारीचा प्रश्न येत नाही. ठरलेली सम नसताना एकमेकांकडे बघून वाजवायचं, ही सवयच वेगळी.

१९९४ला पेज आणि प्लांट यांनी 'नो क्वार्टर' या अल्बमसाठी हे गाणं पुन्हा घेतलं, इजिप्शियन तालवाद्यं आणि मोठा वाद्यवृंद घेऊन. त्यात ढोलांना जागा आहे, हवा आहे. ज्यांना मूळ गाणं कोंदट वाटतं त्यांनी ते ऐकावं. ज्यांना तो कोंदटपणाच आवडतो त्यांना ते फार स्वच्छ वाटेल, आणि त्यांच्याशी वाद घालू नये.

(पडद्यावर: पुन्हा तबकडी. सुई उचलली जाते.)

क्रम मात्र उलटा ठेवा. आधी मुंबईची टेप, तबल्याकडे कान देऊन, तोंडानं पाच मोजत. तोंडात पाच बसले की मग १९७१ची तबकडी. पाय हलवू नका, निदान पहिल्या मिनिटात तरी नाही. ध्वनिक गिटार आली की मोजणी सहावर न्या. आणि रिफ परत येईल तेव्हा ऐका, चारही काठ्या एकदम कशा पडतात.