कारो-कान बचावाची पारख

श्रोतेहो, नमस्कार.

पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले की काळ्याने काय उत्तर द्यावे, हा प्रश्न आपल्या इंदुरात रामबागेपासून लोकमान्यनगरापर्यंत बुद्धिबळ शिकणाऱ्या प्रत्येक मुलापुढे कधी ना कधी येतो, आणि हल्ली त्याचा निकाल बहुधा संगणकाने दाखवलेल्या आकड्यावरून लावला जातो. मला ही रीत मान्य नाही. काळा काय सोडतो, त्याच्या बदल्यात काय मिळवतो आणि मिळवलेले डावाच्या अखेरीपर्यंत टिकते का, हे पाहिल्याखेरीज बचावाची योग्यता ठरत नाही. या कसोटीवर आज कारो-कान बचाव पाहू.

बर्लिनचे होराशियो कारो आणि व्हिएन्नाचे मार्कुस कान यांनी १८८६ साली याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. काळा वजिराकडच्या उंटासमोरचे प्यादे एकच घर सरकवतो आणि दुसऱ्या चालीला वजिरासमोरचे प्यादे दोन घरे आणून पटाच्या मध्यात भिडतो. देशी पद्धतीत प्यादे एकेक घरच चालवण्याची सवय असलेल्या आपल्या जुन्या खेळाडूंना ही सुरुवात परकी वाटू नये.

फ्रेंच बचावात हेच काम राजासमोरचे प्यादे एक घर सरकवून केले जाते, पण त्या प्याद्यामागे वजिराकडचा उंट कोंडला जातो आणि कित्येक डावांत तो शेवटपर्यंत निकामी राहतो. कारो-कानमध्ये त्या उंटाची वाट मोकळी राहते. तो आधी बाहेर पडतो आणि मगच राजासमोरचे प्यादे एक घर पुढे येऊन तटबंदी पुरी होते. माझ्या मते या बचावाचे खरे मोल एवढ्या एका गोष्टीत आहे. अर्थात ते फुकट मिळत नाही. वजिराकडच्या घोड्याचे सर्वांत स्वाभाविक घर प्याद्याने अडते, आणि तेच प्यादे पुढे मध्यावर हल्ला करण्यासाठी आणखी एक घर न्यावे लागले की एक चाल वाया जाते. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे आणखी पुढे रेटले तर काळ्याला बराच वेळ अपुऱ्या जागेत मोहरी हलवावी लागतात.

तरीही १९५८ साली बोटविनिक यांनी स्मिस्लोव्ह यांच्याकडून जगज्जेतेपद परत मिळवताना पहिल्याच डावात हा बचाव खेळून विजय मिळवला, आणि पुढे कार्पोव्ह यांनी त्याला आपल्या खेळाचा आधार केले. चेन्नईत २०१३ साली जगज्जेतेपदाच्या दुसऱ्या डावात आनंदविरुद्ध कार्लसन यांनीही तोच निवडला, आणि तो डाव बरोबरीत सुटला.

याविरुद्ध ११ मे १९९७ रोजी डीप ब्लू संगणकाने कास्पारोव्ह यांना अवघ्या १९ चालींत हरवले, तो डाव पुढे केला जातो. तेथे दोष बचावाचा नव्हता, चालींच्या क्रमाचा होता. राजाकडचा उंट बाहेर काढण्याआधीच राजाच्या बाजूच्या हत्तीसमोरचे प्यादे एक घर सरकवले गेले, त्यामुळे पांढऱ्याला घोड्याचा बळी देऊन राजाला मधोमध अडकवता आले. हा बचाव संथ दिसतो, पण त्यात क्रम चुकवण्याची मुभा नाही, एवढे त्या डावावरून नक्की म्हणता येते.

शांतपणे बरोबरी साधावी म्हणून जे तो निवडतात, त्यांनी पानोव्ह यांचा हल्ला प्रथम अभ्यासावा. त्यात पांढरा मध्यावर प्याद्यांची मारामारी करून वजिराकडच्या उंटासमोरचे प्यादे पुढे काढतो, आपल्या वजिराचे प्यादे एकटे पडू देतो आणि मोकळ्या झालेल्या मोहऱ्यांनी झपाट्याने चढाई करतो. काळ्याने त्या एकट्या प्याद्यासमोरच्या घरात घोडा पक्का बसवावा आणि शक्य तितकी मोहरी मारामारीत काढून टाकावीत; चढाईचा जोर ओसरला की ते एकटे प्यादे सांभाळण्याची जबाबदारी पांढऱ्यावर येते. या मांडणीतले डाव दोन्ही बाजूंनी खेळून पाहिल्यावरच हा बचाव स्पर्धेत वापरायला घ्यावा.